फ्लेक्सवरचे शंभर टक्के आणि घरातली एक वजाबाकी

प्रश्न : आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत, मी घरी शिवणकाम करते, माहेर निफाड तालुक्यातले. आमची मुलगी यंदा महापालिकेच्या शाळेत चौथी झाली. १ मे रोजी प्रगतिपत्रक मिळाले, त्यात गणिताला अ-२ श्रेणी आहे आणि बाकी बहुतेक विषयांत अ-१. पण परवा मी तिला शिलाईचा हिशेब करायला दिला, तर ४०३ मधून १२७ वजा करून तिने ३२४ उत्तर काढले, आणि तेही अगदी खात्रीने. यजमानांना तिला गंगापूर रोडकडच्या एका इंग्रजी शाळेत पाचवीला घालायचे आहे, कारण त्या शाळेच्या फ्लेक्सवर ‘सलग सहा वर्षे १०० टक्के निकाल’ असे लिहिले आहे. तिथे प्रवेशाआधी मुलीची लेखी चाचणी घेणार आहेत. माझा कल घराजवळच्या अनुदानित मराठी शाळेकडे आहे. तिथे सेमी इंग्रजी आहे, पण २०२५ चा दहावीचा निकाल ९३ टक्केच लागला. भाचीने मोबाइलवर यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीतली, माहिती काढून दिली, ती मी वहीत उतरवली. इंग्रजी शाळेत २०२२-२३ साली नववीत ४१ मुले होती आणि पुढच्या वर्षी दहावीत २९. मराठी शाळेत नववीत १६८ आणि दहावीत १६१. इतके आकडे जमवले तरी निर्णय होत नाही. नेमका कोणता आकडा खरा मानायचा?
– एक आई, सिडको

उत्तर :

भगिनी, सप्रेम नमस्कार.

शाळा निवडताना बहुतेक घरांत गणवेश, व्हॅनची सोय आणि शेजारची मुले कुठे जातात एवढ्यावरच गोष्ट ठरते. तुम्ही वही घेऊन बसलात, दोन शाळांची पटसंख्या शेजारीशेजारी मांडलीत, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तुमच्या पत्रातले सगळेच आकडे आपापल्या जागी खरे आहेत. अडचण एवढीच आहे की ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि तुमच्या मुलीविषयी थेट बोलणारा आकडा त्यांत एकच आहे, तो म्हणजे तिने काढलेले ३२४. त्याबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, पण घरात वाद फ्लेक्सवरून चालू आहे, म्हणून आधी फ्लेक्स वाचू.

तुमचे माहेर निफाडकडचे, म्हणजे लासलगावच्या बाजार समितीतले कांद्याचे भाव तुम्ही लहानपणापासून ऐकत आला असाल. तिथे रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव जाहीर होतात. कमाल भाव त्या दिवशीच्या एखाद-दुसऱ्या ट्रॅक्टरला मिळालेला असतो, आणि कोणताही शेतकरी त्या भावावर घरचा हिशेब मांडत नाही. तो सरासरी विचारतो आणि आवक किती झाली तेही विचारतो. फ्लेक्सवर ज्या सात-आठ मुलांचे फोटो आणि टक्के असतात, तो शाळेचा कमाल भाव आहे. तो खोटा नसतो. पण आपल्या मुलीच्या वाट्याला काय येईल हे कळायचे असेल, तर वर्गात एकंदर मुले किती होती आणि त्यांतल्या मधल्या व शेवटच्या मुलाचे काय झाले, हे विचारावे लागते.

म्हणूनच तुमच्या तक्त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ती आवक. नववीत ४१ मुले होती आणि वर्षभराने दहावीत २९ उरली, तर मधली बारा मुले कुठे गेली? वडिलांची बदली झाली असेल, घर बदलले असेल, फी परवडली नसेल; कारणे सरळसाधी असू शकतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कोणावर आरोप करू नये. तरीही १६८ मुलांतून सात कमी होणे म्हणजे शंभरात चार, आणि ४१ मुलांतून बारा कमी होणे म्हणजे शंभरात एकोणतीस. एवढ्या मोठ्या फरकाचे कारण विचारण्याचा पालकाला पूर्ण अधिकार आहे. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढतात. जी मुले त्या शाळेतून बसलीच नाहीत, ती त्या टक्केवारीत कुठेच नसतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी सव्वीस वर्षे माध्यमिक शाळांत गणित शिकवले. त्यांतल्या एका शाळेत नववीचा निकाल लागला की कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा, मुलावर ताण येणार नाही’ असे समजुतीच्या सुरात सांगितले जाई. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न बसता खासगीरीत्या दहावीची परीक्षा देण्याचा अर्ज. ज्याला काम करत शिकायचे आहे, त्याच्यासाठी ती चांगली सोय आहे. पण ज्या मुलाला रोज वर्गात येऊन शिकण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्यालाच घरी बसवण्यासाठी ती वापरली जात होती, आणि त्या बैठकांना मी हजर असे. एका मुलाचे वडील रात्रपाळी संपवून थेट आले होते, जेवणाचा डबा अजून हातात होता. त्यांनी एवढेच विचारले, ‘पण बाई, मग त्याला शिकवणार कोण?’ मी काहीही बोलले नाही. पुढच्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. तेव्हापासून नववी आणि दहावीची पटसंख्या शेजारी ठेवल्याखेरीज मी कोणत्याही शाळेची टक्केवारी वाचत नाही.

आता ‘सलग सहा वर्षे’ या शब्दांकडे पाहा. २०२५ पासून मागे मोजले तर ही वर्षे २०२० पासूनची होतात, आणि त्यांत २०२१ येते. त्या वर्षी कोविडमुळे दहावीची परीक्षा झालीच नाही. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल तयार झाला आणि सगळ्या राज्याचाच निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षीचे शंभर टक्के ही कोणत्याही शाळेची स्वतंत्र कमाई धरता येत नाही. २०२० सालीही टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले होते.

याच संदर्भात आणखी तीन आकडे सांगते, कारण मोजपट्टी बदलली की निकाल कसा बदलतो हे त्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० साली ९५.३० टक्क्यांवर गेला. दोन वर्षांत मुलांची बुद्धी अशी खाली जाऊन वर येत नाही. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेच्या हाती असलेले अंतर्गत गुण त्या वर्षी बंद केले होते. पुढच्या वर्षी ते परत सुरू झाले. त्यामुळे एका वर्षीच्या टक्क्यांची दुसऱ्या वर्षीच्या टक्क्यांशी, किंवा एका बोर्डाच्या टक्क्यांची दुसऱ्या बोर्डाच्या टक्क्यांशी तुलना करू नये. उलट तुम्ही दोन्ही शाळांत जाल तेव्हा २०१९ चा निकाल आवर्जून विचारा. त्या वर्षी मुलांना मुख्यतः स्वतःच्या लेखी पेपरवर उभे राहावे लागले होते, आणि तेव्हा ज्या शाळेचा निकाल इतरांइतका घसरला नाही, तिथे लेखी तयारी कसून करून घेतली जात असावी, असे मी मानते. शिक्षक तेच आहेत का, हे मात्र सोबत विचारायला हवे.

तुम्ही ‘९३ टक्केच’ लिहिले आहे, त्यातला ‘च’ मला काढून टाकावासा वाटतो. २०२५ साली नाशिक विभागाचा, म्हणजे नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या चार जिल्ह्यांचा मिळून निकाल ९३.०४ टक्के होता आणि राज्याचा ९४.१० टक्के. म्हणजे ही शाळा विभागाच्या बरोबरीने आहे, आणि तेही दीडशेच्या वर मुले घेऊन. एवढ्या मोठ्या वर्गात एक मूल नापास झाले तर निकाल अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त हलतो. २९ मुलांच्या वर्गात एकाच मुलाला ऐन पेपरच्या दिवशी ताप आला, तर शंभराचे ९६.५५ होतात. लहान वर्गाचा निकाल असा एका मुलावर वर-खाली होतो, म्हणून तो एका वर्षाचा कधीच पाहू नये. पाच वर्षांत किती मुले बसली आणि किती उत्तीर्ण झाली, अशी बेरीज मागावी.

उत्तीर्णांची टक्केवारी सगळीकडेच नव्वदीच्या पुढे असल्यामुळे ती आता शाळाशाळांतला फरक फारसा दाखवत नाही. तो फरक तिच्या आतल्या फोडीत दिसतो. मंडळाच्या शाळानिहाय निकालात नोंदणी झालेले, परीक्षेला बसलेले, विशेष प्रावीण्याचे म्हणजे ७५ टक्के आणि त्यावरचे, प्रथम श्रेणीचे, द्वितीय श्रेणीचे आणि नुसते उत्तीर्ण, असे रकाने असतात. मुख्याध्यापकांकडे तो कागद असतोच. तो पाहायला मागा, आणि नोंदणी झालेले व बसलेले हे पहिले दोन रकाने बाकीच्यांआधी वाचा.

आणि मग त्या मुलांविषयी विचारा, जी शाळेत आली तेव्हा कच्ची होती. शाळेचे खरे काम तिथे असते. निवडून घेतलेल्या हुशार मुलांना नव्वद टक्क्यांपर्यंत नेणे आणि ज्या घरात दहावीला पोहोचलेले पहिलेच मूल आहे त्याला साठ टक्क्यांपर्यंत नेणे, यांत दुसऱ्या कामात शाळेने घातलेली भर मला कितीतरी मोठी वाटते. पण ती भर कोणत्याही फ्लेक्सवर येत नाही, कारण त्यासाठी मूल आले तेव्हाचा आकडा लागतो आणि तो कोणी छापत नाही. तुमच्या मुलीची प्रवेशाआधी लेखी चाचणी घेणार असे इंग्रजी शाळेने सांगितले, हे मला खटकले ते यासाठीही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची अशी छाननी करता येत नाही. तसे केल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘प्रवेश झाल्यावर तिची तयारी पाहायची असेल तर जरूर पाहा, प्रवेश त्यावर अवलंबून ठेवू नका,’ असे यजमानांनी नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे. चाळणी लावून घेतलेल्या मुलांचा निकाल बराचसा त्या चाळणीचाच असतो.

यू-डायसबद्दल थोडेसे. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा २७२० ने सुरू होतो, आणि त्यावरून वर्गवार पट, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे अशी माहिती कोणालाही पाहता येते. कायद्यातल्या प्रमाणाप्रमाणे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. त्याच्याशी दोन्ही शाळा ताडून पाहा. मात्र ही माहिती शाळा स्वतः भरते, म्हणून जाऊन डोळ्यांनी पाहणे टाळू नका. मुलींचे स्वच्छतागृह तक्त्यात ‘आहे’ असते. ते मधल्या सुट्टीत उघडे असते का, आत पाणी असते का, हे मुलींच्या आईनेच पाहायचे असते. दहा वर्षांची मुलगी सिडकोतून गंगापूर रोडला रोज जाऊन-येऊन किती वेळ व्हॅनमध्ये असेल, तोही आकडा वहीत लिहा, कारण तो वेळ तिच्या झोपेतून आणि खेळातून जाणार आहे.

मोबाइलवर जिल्ह्यांच्या क्रमवारीचे निरोप फिरतात, ते या निर्णयासाठी बाजूला ठेवा. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेले परख राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या काही निवडक शाळांतल्या मुलांवर आधारलेले होते, आणि ‘असर’ ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी ग्रामीण भागातल्या घरांत होते. जिल्हा किंवा राज्य कुठे आहे हे त्यांतून कळते, तुमच्या गल्लीतल्या शाळेबद्दल काही कळत नाही.

आता मुलीच्या वजाबाकीकडे येते. अ-२ श्रेणी म्हणजे ८१ ते ९० गुण, आणि तरीही वजाबाकी चुकते, म्हणून प्रगतिपत्रक खोटे आहे की काय असे तुम्हाला वाटले असेल. तसे समजू नका. आपल्याकडच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला ६० गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात, म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, वर्गकार्य, स्वाध्याय यांचे, आणि ४० गुण सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचे. नियमित शाळेत जाणारी, वही नीट ठेवणारी, आकृत्या, घड्याळ आणि मापन चांगले येणारी मुलगी हातच्याची वजाबाकी न येताही ८४ गुण मिळवू शकते. श्रेणी ही सरासरी आहे, आणि सरासरीत एखादा खड्डा सहज झाकला जातो. तो खड्डा पाहायचा तर उत्तरपत्रिका हातात घ्यावी लागते.

तिने ३२४ कसे काढले ते पाहा. एककाच्या घरात ३ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून ३ काढून ४ लिहिले. दशकाच्या घरात शून्यातून २ जात नाहीत, म्हणून २ मधून शून्य काढून २ लिहिले. शतकाच्या घरात ४ मधून १ गेला, ३ राहिले. म्हणजे तिने स्वतःपुरता एक नियम केला आहे, की प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचे. तिला खात्री वाटत होती, कारण ती नियमानेच चालली होती. हे धांदरटपणाने झालेले नाही, आणि म्हणून ‘लक्ष दे, लक्ष दे’ असे हजारदा सांगूनही ते सुटणार नाही.

एखाद्या निवांत दुपारी तिला पाच उदाहरणे द्या. ६८ – २५, ५२ – २७, ४३१ – १२७, ४०३ – १२७ आणि ५०० – २६८. शेजारी बसा, पण मध्ये बोलू नका, बरोबर-चूक सांगू नका. तिने काय लिहिले ते तारखेसह वहीत उतरवून घ्या. ५२ – २७ चे उत्तर ३५ आले, तर हातचा घेण्याची कल्पनाच बसलेली नाही असे समजा. तिथे २५ आणि ४३१ – १२७ ला ३०४ बरोबर आले, आणि शून्य असलेली शेवटची दोनच चुकली, तर अडचण फक्त मधल्या शून्याची आहे. दशकाच्या घरात सुटे करायला काहीच नाही, मग शतकाकडे जायचे असते, एवढीच पायरी तिला सापडत नाही. या दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत. राज्यभरातली कोणतीही टक्केवारी तुम्हाला इतके नेमके काही सांगू शकणार नाही.

शून्याची अडचण निघाली तर तुमच्या शिवणकामाच्या डब्यातले पैसेच घ्या. शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची तीन नाणी तिच्यासमोर ठेवा आणि मला १२७ रुपये दे म्हणा. सात रुपये द्यायला नाणी पुरणार नाहीत, दहाची नोट तर एकही नाही. थोडा वेळ ती पाहत राहील. मग तीच म्हणेल की शंभराची मोड आणावी लागेल. शंभराच्या दहा दहाच्या नोटा करा, त्यांतल्या एकीची दहा नाणी करा. आता तीन शंभराच्या, नऊ दहाच्या आणि तेरा नाणी झाली. त्यातून १२७ दिले की २७६ उरतात, आणि प्रत्येक मोड कुठून आली हे तिने स्वतःच्या हातांनी पाहिलेले असते. त्यानंतरच कागदावर तीच वजाबाकी मांडायला सांगा. आठ-दहा दिवस रोज दोन उदाहरणे पुरेत. पुढे पुन्हा पंधरा दिवसांनी तसलीच पाच नवी उदाहरणे द्या आणि त्याच वहीत खाली लिहा.

सोबत तिसरीचे प्रगतिपत्रकही काढून ठेवा आणि त्यातला महिनावार उपस्थितीचा तक्ता वाचा. कामाचे दिवस आणि हजर दिवस अशा त्या दोन ओळींकडे पालक सहसा पाहतच नाहीत. माझ्या मते प्रगतिपत्रकातला सर्वांत प्रामाणिक भाग तोच असतो. पावसाळ्यातल्या तापाने किंवा गावाकडच्या लग्नकार्याने मूल दहा-बारा दिवस घरी राहते, नेमका तेव्हाच वर्गात एखादा पाया घातला जातो, आणि पुढे वर्षभर ते मूल त्या पायाशिवाय चालत राहते. मुलीच्या बाबतीत असेच झाले असेल असे मी म्हणत नाही, पण तसे दिसले तर तिलाही सांगा, कारण ‘मला गणित येत नाही’ आणि ‘मी त्या दिवसांत नव्हते’ यांत मुलाच्या मनाला फार मोठा फरक पडतो. त्याच पानावर ‘सुधारणा आवश्यक’ असा एक रकाना असेल. त्यात ‘अक्षर सुधारावे’ एवढेच लिहिले असेल, तर बाईंशी बोलायला तुम्हाला जागा आहे.

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या मुलांच्या नियतकालिक चाचण्या घेतल्या जातात. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी आणि नंतर दोन संकलित चाचण्या, विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. वर्गशिक्षिकांना भेटून या तिन्हींच्या गणिताच्या उत्तरपत्रिका पाहू द्या अशी विनंती करा. तिचा नंबर कितवा आला हे विचारू नका. पायाभूत चाचणीत चुकलेले उदाहरण शेवटच्या चाचणीत बरोबर आले का, एवढेच पाहा. आणि बोलताना ‘तुम्ही शिकवलेच नाही’ असा सूर लागू देऊ नका. ‘हीच चूक मला घरीही दिसली, वर्गात आणखी किती मुलांची होते?’ असे विचारले की शिक्षिका तुमच्या बाजूला येऊन बसतात, हा माझा टेबलाच्या पलीकडचा अनुभव आहे. चूक बऱ्याच मुलांची असेल, तर तो विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडता येतो. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात, हे कायद्यातच आहे. तिथे चर्चा वर्गाच्या आकड्यांची व्हावी. कोणत्याही मुलाचे गुण नावासकट व्हॉट्सअॅपच्या पालक गटावर टाकू नयेत, आणि तुमच्या मुलीचे तर मुळीच नाही.

हे सगळे जून-जुलैमध्येच करा असे मी म्हणते, त्याला कारण आहे. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तीत उत्तीर्ण न झाल्यास पुनर्परीक्षा आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात राहावे लागते. चौथीपर्यंत झाकलेला खड्डा पाचवीत उघडा पडू शकतो. त्यात यंदाच माध्यम बदलले, तर गणितातली शाब्दिक उदाहरणे तिला इंग्रजीत वाचावी लागतील, आणि गुण कमी आले तर ते भाषेमुळे की वजाबाकीमुळे, हे तुम्हालाही कळणार नाही आणि तिच्या नव्या शिक्षकांनाही नाही. यजमानांची इंग्रजीची काळजी रास्त आहे, आणि सेमी इंग्रजीत गणित व विज्ञान इंग्रजीतूनच असल्यामुळे तिची बरीचशी सोय घराजवळच होते.

तुम्ही माझे मत विचारले नसले तरी पत्राच्या ओळींमधून ते मागितले आहे, म्हणून सांगते: आज हाती असलेल्या माहितीवर मी मुलीला मराठी शाळेत घालीन. पण हे मत बदलण्याची वाट मी मोकळी ठेवली आहे. यजमानांना घेऊन दोन्ही शाळांत एकाच आठवड्यात जा. ती बारा मुले कुठे गेली, पाच वर्षांत किती बसली आणि किती उत्तीर्ण झाली, २०१९ चा निकाल काय होता, आणि पाचवीत आलेल्या मुलाची वजाबाकी कच्ची निघाली तर तुम्ही नेमके काय करता, हे दोन्हीकडे सारख्याच शब्दांत विचारा आणि उत्तरे तिथेच वहीत लिहा. इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापकांनी बारा मुलांचे सरळ उत्तर दिले, आणि मराठी शाळेत शेवटच्या प्रश्नाला ‘ट्यूशन लावा’ एवढेच उत्तर मिळाले, तर माझे मत बाजूला ठेवा. महापालिकेच्या शाळेतून मुलीचा दाखला काढण्याचा अर्ज मात्र या दोन्ही भेटी होईपर्यंत देऊ नका.